साडेतेरा दिवसांचे देणे

गेल्या कोजागिरीला दौलतगंजात दूध आटत असताना एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला विचारले, "काय हो मास्तर, तुम्ही नेपाळला जाऊन आला होता म्हणतात. तिकडे बैठक कुणाकडे झाली?"

मी म्हटले, "बैठक नाही झाली, काका. दगड वाहिले."

काका क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि मग पेल्यातल्या चारोळ्या न्याहाळू लागले. दरबारी गवयाच्या मुलाने परदेशी जावे आणि तेथे दगड वाहावे, हे त्यांच्या हिशेबात बसेना. खरे सांगायचे तर पुष्कळ दिवस ते माझ्याही हिशेबात बसत नव्हते. म्हणून ती हकीगत एकदा नीट सांगून टाकतो.

तसे पाहिले तर नेपाळ आम्हा ग्वाल्हेरकरांना अगदीच परका नाही. राजमाता विजयाराजे शिंदे ह्यांचे आजोळ नेपाळच्या राणा घराण्यातले. १९६६ साली माधवराव शिंदे ह्यांचे लग्न झाले तेही राणांच्याच घराण्यातल्या मुलीशी. राणांच्या अमदानीत काठमांडूच्या दरबारी हिंदुस्थानातले गवई-वादक नोकरीस असत. आमच्या लहानपणी वडील 'नेपाळ' हा शब्द 'बडोदे' किंवा 'रामपूर' म्हणावे तसा उच्चारीत. जणू काही तेही एक संस्थानच, जेथे कधीकाळी आपल्यालाही बोलावणे येईल!

वडील १९४५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, जिवाजीराव महाराजांच्या दरबारी आजोबांच्या मागे तंबोऱ्यावर बसू लागले. तीन वर्षांत संस्थान विलीन झाले. नोकरी गेली, राहती जागा काही वर्षे टिकली, मग तीही गेली. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. मला आठवतात ती सगळी भाड्याचीच घरे. आधी जनकगंज, मग छत्री बाजार, मग पुन्हा जनकगंज. प्रत्येक बिऱ्हाडबदलीत आधी तंबोरे जात, मग भांडी, मग आम्ही. "एक घर तेवढे बांधायचे राहिले," असे वडील अधूनमधून म्हणत. पण तक्रारीच्या सुरात कधीच नाही. एखादा राग शिकायचा राहून गेला, असे सांगावे तसे ते सांगत. २०१० साली ते गेले तेही भाड्याच्याच घरातून.

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात मोठा धरणीकंप झाला. केंद्र गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ. पण सर्वांत जास्त माणसे दगावली ती काठमांडूच्या ईशान्येकडच्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यात. देशभरात सुमारे नऊ हजार बळी गेले आणि पाच लाखांच्या आसपास घरे पडली. दिवस शनिवारचा, म्हणजे तिकडच्या सुट्टीचा होता. नाहीतर शाळांच्या पडलेल्या भिंतींखाली किती मुले सापडली असती, ह्याची कल्पना करवत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी त्या कामात होता. गळा बेताचा, पण लयीला पक्का. पुढे तो इंजिनिअर झाला आणि काठमांडूला एका स्वयंसेवी संस्थेत घरबांधणीच्या कामावर लागला. २०१७ च्या पावसाळ्यात त्याने मला लिहिले : "सर, दिवाळीच्या सुट्टीत या. इथे हात कमी पडताहेत." हात! माझ्या हातांनी आजवर हार्मोनियमचा भाता आणि खडूपलीकडे काही उचलले नव्हते. तरी मी गेलो. का गेलो, ह्याचे सरळ उत्तर माझ्याजवळ नाही. थोडी हौस होती, थोडे वडिलांचे ते वाक्य होते. आणि दिवसा थोडे काम करू, संध्याकाळी चार भजने गाऊ, गावकरी खूश होतील, असा एक गोड भ्रमही होता.

भाऊबीज आटोपून बरौनी मेलने गोरखपूर, तेथून सुनौलीची हद्द, पुढे काठमांडू. हिंदी माणसाला तेथे पासपोर्टही लागत नाही. मतदार-ओळखपत्र दाखवले की झाले माझे परदेशगमन! काठमांडूहून धुलिखेलमार्गे दोलालघाटला उतरलो. तेथे इंद्रावती सुनकोशीला मिळते. मग डोंगर चढू लागलो. गावाचे नाव मुद्दामच देत नाही. वस्ती तामांगांची, समोर जुगल हिमालाची पांढरी रांग, आणि तिच्या खाली जिकडे पाहावे तिकडे पन्हाळी पत्र्याची खोपटी. धरणीकंपाला अडीच वर्षे उलटली होती.

ज्यांच्या घराचे काम आमच्याकडे होते त्या बाईंना सगळा गाव 'आमा' म्हणे. आम्हीही आमाच म्हणू लागलो. वय साठीच्या पुढचे, बांधा बारीक, चाल झपाट्याची. मुलगा कतारला मजुरीवर, सून आणि बारा वर्षांचा नातू घरी. घर म्हणजे पत्र्याचे एक छप्पर, त्यात माणसे एका अंगाला आणि शेळ्या दुसऱ्या. शेजारीच नव्या घराचे जोते तयार होते.

येथे सरकारी मदतीची रीत सांगितली पाहिजे, कारण तिच्यावरच सारे अवलंबून होते. घर पडलेल्या कुटुंबाला तीन लाख नेपाळी रुपये मिळत. आपले रुपये धराल तर १,८७,५००. ते तीन हप्त्यांत : करार होताच ५० हजार, जोते नियमाप्रमाणे उठले की दीड लाख, आणि भिंती छपराच्या पट्ट्यापर्यंत पोचल्या की उरलेले एक लाख. प्रत्येक टप्प्याला सरकारी इंजिनिअर येऊन पाहणार. भिंत नियमात बसली नाही तर हप्ता अडकला. आमाचे दोन हप्ते खर्च होऊन गेले होते, आणि पत्र्यांसाठी तिसऱ्याची वाट होती.

नियम साधे होते, पण त्यांत मोठा अर्थ होता. दगड-मातीचीच भिंत, दीड फूट जाडीची. मात्र खिडकीच्या पायाशी, दाराखिडक्यांच्या माथ्याशी आणि छपराखाली लाकडाचा एक पट्टा घराला चहूबाजूंनी कमरपट्ट्यासारखा फिरवायचा. दोन समांतर वासे आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, म्हणजे शिडी आडवी निजवावी तसा. छपराखालची तिकोनी भिंत दगडाची करायची नाही. तेथे हलका पत्रा. आणि दर दोन फूट उंचीला व दर चार फूट लांबीला एक लांब दगड असा बसवायचा की त्याचे एक तोंड घरात आणि दुसरे अंगणात दिसावे. ह्या आरपार दगडाबद्दल पुढे सांगायचे आहे.

गवंड्याला तिकडे 'डकर्मी' म्हणतात. आमचा डकर्मी चाळिशीचा, अबोल माणूस. पहिले दोन दिवस मी पाठीवर डोको घेऊन आणि कपाळाला नाम्लोचा पट्टा लावून दगड वाहिले. दुसऱ्या रात्री मान इतकी आखडली की षड्जसुद्धा डाव्या बाजूला तोंड करून लावावा लागला. गावातली पोरे त्याच वाटेने माझ्या दुप्पट ओझे घेऊन पळत जात आणि वर हसत.

चौथ्या दिवशी डकर्मीने मला भिंतीवर घेतले. त्याला दुसरीकडे जायचे होते. डोंगराकडच्या भिंतीचा एक तुकडा त्याने माझ्यावर आणि आणखी एका स्वयंसेवकावर सोपवला. आम्ही हुरूपाने लागलो. बाहेरच्या अंगाला चांगले दगड निवडून देखणी ओळ लावली, आतल्या अंगाला दुसरी, आणि मधल्या पोकळीत बारीक दगड, माती, हाताला येईल ते भरले. दुपारपर्यंत सहा फूट लांबीची, दोन-सव्वादोन फूट भिंत उभी! ओळंबा लावला तर रेसभर फरक नाही. मी मनातल्या मनात वडिलांना ती दाखवलीसुद्धा.

डकर्मी आला. भिंतीकडे वरून पाहिले, लोखंडी पहार मधल्या भरावात घातली आणि नुसती डोलवली. आमची भिंत उभीच्या उभी दुभंगली. बाहेरचे अंग बाहेर, आतले आत. पहार काढून तो म्हणाला, "मास्टर, ही एक भिंत नाही, दोन आहेत. जमीन हलली की एक बाहेर पडते आणि एक निजलेल्या माणसावर."

आरपार दगड आम्ही एकही घातला नव्हता. तो घातला म्हणजे दोन्ही अंगे एकमेकांना धरून राहतात. नाहीतर भिंत जाड असूनही तिला जाडीच नसते. हे आम्हाला पहिल्याच दिवशी चित्र काढून सांगितले होते. ऐकले होते, हातात उतरले नव्हते. वर्गात मुलांना मी रोज हेच ऐकवतो.

आमा खाली अंगणात उभी होती. काही बोलली नाही. वर आली आणि आम्ही रचलेले दगड एकेक करून उतरवू लागली. नातू आला, सून आली. अर्ध्या दिवसाचे काम पाऊण तासात उतरले. रात्री माझ्या विद्यार्थ्याने मला बाजूला घेऊन सांगितले ते असे : आमाचे जुने घर सासऱ्याने बांधलेले. पुढे एका पावसाळ्यात त्याची डोंगराकडची भिंत खचली, ती आमाच्या नवऱ्याने स्वतःच्या हातांनी रचली. त्या शनिवारी दुपारी बारा वाजायच्या सुमारास आमा आणि सून शेतात होत्या, पोरगा बाहेर खेळत होता. म्हातारा त्या भिंतीशी निजला होता.

म्हणजे मी त्या घरात काय बांधले होते, ते माझ्या ध्यानात आले. त्या रात्री भजने वगैरे काही झाली नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा दगडांकडे गेलो आणि तेथे मात्र माझा थोडा उपयोग झाला. भिंतीत घालायचा दगड आतून चिरलेला नसावा. डकर्मी तो हातोडीने ठोकून पाहतो. धड दगड खणखणीत बोलतो, चिरलेला बद्द वाजतो. हा फरक ओळखणे हाच माझ्या घराचा धंदा! मी न पाहता, पाठ फिरवून, आवाजावर सांगू लागलो. एकदा डकर्मीने मुद्दाम पाच-सहा दगड भराभर ठोकले. मी मधला एक बाद केला. तो फोडला तर आत तांबूस चीर. तेव्हापासून गावातली पोरे दगड घेऊन परीक्षेला येऊ लागली. तीन पिढ्यांच्या तालमीचा असा उपयोग होईल, हे आजोबांनी काही मनात आणले नसेल.

संध्याकाळी एकदा गायलोही. लोकांनी फार सभ्यपणे ऐकले. मग एका म्हाताऱ्याने डम्फू काढला. लाकडी कड्यावर बकऱ्याचे कातडे बांबूच्या खुंट्यांनी ताणून बसवलेला हा तामांगांचा डफ. त्याच्या ठेक्यावर 'सेलो' सुरू झाले. जी माणसे माझ्या यमनात चुळबुळ करीत होती ती उठून नाचू लागली. असो. बैठकीचा विषय येथेच संपवतो.

चहाच्या टपरीवरचा प्रसंग मात्र टाळता येत नाही. मी हिंदुस्थानातला आहे, हे कळल्यावर एका गृहस्थाने शांतपणे विचारले, "तुम्ही आत्ता आलात, चांगले केलेत. पण त्या पहिल्या हिवाळ्यात ट्रक का आले नाहीत?" २०१५ च्या सप्टेंबरपासून जवळजवळ पाच महिने सरहद्दीवरून होणारी वाहतूक अडली होती. आपल्या सरकारचे म्हणणे असे की, ती मधेशी लोकांच्या आंदोलनामुळे अडली. नेपाळी माणूस तिला भारताची नाकाबंदीच म्हणतो. वाद राजकारण्यांनी घालावा. त्या हिवाळ्यात ह्या डोंगरावर गॅस नव्हता, मोटारींना तेल नव्हते, आणि लोक उघड्या पत्र्याखाली होते, एवढे खरे. मी चहाचे पैसे देऊ लागलो, तर त्याने देऊ दिले नाहीत.

परक्या मुलखात जाऊन घरे बांधू पाहणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही, हे मला पुढे वाचनात आढळले. ह्या प्रकाराचा मूळ पुरुष पिएर सेरेसोल नावाचा स्विस इंजिनिअर. वडील स्वित्झर्लंडचे अध्यक्ष राहिलेले. पहिल्या महायुद्धानंतर १९२० साली तो फ्रान्समध्ये, वर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात, काही मित्रांना घेऊन घरे उभारायला गेला. बरोबर जर्मनही होते. काही महिन्यांतच त्यांना तेथून निघावे लागले. पण माणूस चिवट. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळ एकाच धरणीकंपाने हादरले, तेव्हा हा पंचावन्न वर्षांचा गृहस्थ बिहारात आला आणि फावडे घेऊन गावे वसवण्याच्या कामी लागला. अलीकडचे उदाहरण हवे तर २००६ साली लोणावळ्याजवळ अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर हे देशोदेशीच्या स्वयंसेवकांबरोबर गरिबांची शंभर घरे बांधायला आले होते. तेव्हा आपल्याकडे त्यांचे फोटो पाहून आपण कौतुक केले. डोंगराखाली आपली विटा वाहणारी माणसे रोजच असतात, हे त्या फोटोंत दिसत नव्हते.

तोच १९३४ चा धरणीकंप आमाच्या घरात 'नब्बे साल' म्हणून ओळखला जातो, म्हणजे विक्रम संवत १९९०. सासऱ्याने घर बांधले ते त्यानंतर. पडले ते बहात्तर सालात. ऐंशीएक वर्षे उभे होते. ते अडीच मजली होते. वरच्या माळ्यावर मका आणि धान्य राही. नवे घर दोन खोल्यांचे. अनुदानात एवढेच बसते, आणि नियमात बसण्यासाठी गावोगाव लोकांनी अशीच लहान घरे उठवली. "मका कुठे ठेवू?" हा आमाचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न. इंजिनिअरला घर पसंत होते, मक्याला नव्हते. शेवटी छपराखाली बांबूचा एक माळा काढायचे ठरले. तो नकाशात नव्हता.

आता त्या ढिगाविषयी. अंगणाच्या कडेला दगडांचा एक वेगळा ढीग होता. दुसऱ्या दिवशी मी त्यातला एक उचलायला वाकलो तेव्हा नातवाने नुसती मान हलवली होती. ते त्या भिंतीचे दगड. अडीच वर्षे त्याला कुणी हात लावला नव्हता. दहाव्या दिवशी आरपार दगड संपले. दीड फूट लांबीचे धड दगड जवळपास मिळेनात. खाणीतून आणायचे तर आठवडा जाणार आणि पैसेही नव्हते. ढिगात मात्र तसले दगड होते. म्हाताऱ्याजवळ लांब दगड पुष्कळ होते, ते त्याने भिंतीच्या तोंडाशी लांबीने लावले होते. दिसायला सुरेख. आडवे मात्र एकही घातले नव्हते. अगदी माझ्यासारखेच.

डकर्मी ढिगाजवळ जाऊन उभा राहिला, बोलला नाही. आमा शेळ्यांना पाला घालीत होती. तिने हातातला पाला टाकला, ढिगाशी आली, वरचे दोन-तीन दगड बाजूला सारून एक लांब दगड ओढून काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"वाजव," ती म्हणाली.

मी हातोडी मारली. दगड खणखणीत बोलला. दुसरा, तिसरा. संध्याकाळपर्यंत बावीस निघाले. दोन बद्द होते, ते तिने स्वतः उचलून दरीत टाकले.

चौदाव्या दिवशी दाराखिडक्यांच्या माथ्यावरचा पट्टा बसला आणि माझी रजा संपली. निघण्याच्या आदल्या रात्री मी डकर्मीला एक हिशेब घातला. माझा जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च चौदा हजार रुपये, म्हणजे बावीस हजार चारशे नेपाळी. त्याची मजुरी रोजची अकराशे. तेवढ्यात एक कसबी डकर्मी वीस दिवस लागला असता. मी चौदा दिवस लागलो, आणि त्यातही भिंत पाडायला लावली. पैसेच पाठवले असते तर बरे नव्हते का? तो बराच वेळ विडी ओढत बसला. मग म्हणाला, "पैसे घेऊन डकर्मी कुठून आणला असता? सगळे कतारला." एवढ्याने माझे पूर्ण समाधान झाले नाही. आजही झालेले नाही. त्या संस्थेने पुढे कुणी विचारले तर मी आधी हा हिशेब सांगतो, मग पत्ता देतो.

सकाळी निघताना आमाने विद्यार्थ्यामार्फत विचारले, "तुझे घर कसले? दगडाचे की विटांचे?"

मी म्हटले, भाड्याचे आहे. आपले नाही.

तिला ते खरेच वाटेना. मग ती विद्यार्थ्याशी भराभर काही बोलली, बोटांवर मोजले, पुन्हा मोजले. त्या डोंगरात 'पर्म' नावाची चाल आहे : तू माझ्या शेतात चार दिवस राबलास की मी तुझ्या शेतात चार दिवस राबायचे, पैसा मध्ये नाही, उपकारही नाही. आमाचे म्हणणे असे की, मी चौदा दिवस काम केले. अर्धा दिवस भिंत पाडण्यात गेला तो धरायचा नाही. तेव्हा साडेतेरा दिवसांचे पर्म तिच्या घराकडे निघते. "घर काढशील तेव्हा कळव. मी म्हातारी आहे, पण नातू येईल. त्याला आरपार दगड कळतो."

चैत्रात विद्यार्थ्याने फोटो पाठवला. तिसरा हप्ता मिळाला होता, पत्रे चढले होते आणि वळचणीखाली मक्याच्या जुड्या टांगल्या होत्या. डोंगराकडच्या भिंतीत आरपार दगडांची तोंडे पांढऱ्या चुन्याने रंगवली होती. तपासणीला सोपे जावे म्हणून, असे तो म्हणाला.

त्यानंतर नातू मधूनमधून फोन करतो. आता तो अंगाने डकर्मीएवढा झाला आहे. बोलणे हिंदीत, आणि दर वेळी शेवटी आमाचा तोच प्रश्न. गेल्या पावसाळ्यानंतर मी थाटीपूरच्या पलीकडे जमिनीचा एक लहान तुकडा पाहून आलो. भाव ऐकून परतलो, तेव्हा पत्नीने काही विचारले नाही. पण त्या बाजूला ग्वाल्हेरी दगडाचे ढीग पडलेले असतात. कोणी पाहत नाही, असे बघून मी त्यातले दोन-चार ठोकून पाहिले. चांगले बोलतात.